यांचा आकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमची स्वारी आज व्याख्यानाला गेली आणि पाच वर्षांनी म्हातारी होऊन परत आली. तिथे एक यंत्र आहे म्हणे. त्यात बोट घालायचं आणि ते माणसाचं खरं वय सांगतं. यांचं दाखल्यावरचं वय सहासष्ट, यंत्रातलं एकाहत्तर. "हे जैविक वय, म्हणजे आतलं," असं मला समजावलं. मी म्हटलं, "बाहेरून बघूनही मी तेवढंच सांगितलं असतं, यंत्र कशाला?" हसले नाहीत. एरवी हसतात.

सोबत पेशी जाग्या करणाऱ्या थेंबांची बाटली आणलीय, आणि एक हिरवी पूड, रोज सकाळी पाण्यातून घ्यायची. मंडळाचं नाव शंभरी मंडळ. तिथल्या सरांचं म्हणणं असं की पेशी गोळ्यांनी गुंगल्यात, तेव्हा आधी गोळ्या बंद. यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "फेकून दे." मी ते साखरेच्या डब्यामागे ठेवलं.

गेल्या वर्षी दाब एकशे बहात्तर निघाला तेव्हा डॉक्टरबाईंनी ही गोळी सुरू केली होती. यांचे वडील सदुसष्टाव्या वर्षी एका सकाळी अर्धं अंग लुळं होऊन उठले. पुढं ते असेपर्यंत वन्संनी त्यांना चमच्यानं भरवलं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे यांनाही तिनंच वाढवलं. आता यांना सदुसष्टावं लागेल. झटक्याची भीती आहे, आणि त्या भीतीपोटीच झटका टाळणारी गोळी सोडायची. हे कुठलं गणित ते मला कळत नाही. मैत्रिणींना सांगायची सोय नाही, चहाबरोबर चघळतील. म्हणून ही वही काढली.

८ फेब्रुवारी, रविवार

मीही गेले मंडळात. फर्निचरच्या दुकानावर एक हॉल आहे, खाली सोफे आणि वर म्हातारे. सर पन्नाशीचे, बूट पांढरेशुभ्र. बोलतात गोड, आणि पहिला अर्धा तास जे बोलले त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. रोज चाला. मीठ कमी करा. सिगरेट सोडा. वेळेवर झोपा. माणसांत राहा. मी मान डोलवत होते. मग त्याच आवाजात, तेच हसू ठेवून म्हणाले की या थेंबांनी उंदरांचं आयुष्य दीडपट झालंय. माझी मान डोलता डोलता मध्येच अडकली.

मी बल्बच्या कारखान्यात होते, आयुष्य-चाचणी विभागात. बल्ब किती टिकतो ते कळायला तो जाईपर्यंत लावून ठेवावा लागतो. एक बल्ब नाही, फळीभर. आणि शेजारी जुन्या बनावटीची तेवढीच फळी, त्याच विजेवर, नाहीतर तुलना कशाशी करणार? म्हणून मी हात वर केला. "थेंब न घेता नुसतं चालणाऱ्या आणि मीठ कमी खाणाऱ्या माणसांचं काय झालं, तेही बघितलंत का?" सर म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी शंका घेणारी माणसंच आम्हाला हवी आहेत." हॉलभर टाळ्या. उत्तर तसंच राहिलं, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की टाळी मीसुद्धा वाजवली होती.

शेवटी आकडेवाचन असतं. एकेकानं उभं राहून आपला दाब मोठ्यानं वाचायचा. ज्याचा सगळ्यात जास्त उतरला तो हिरव्या खुर्चीत बसणार. हे खुर्चीकडे असे बघत होते की मला नजर वळवावी लागली. आयुष्यभर यांनी लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचं आणि ब्रेक आपल्या पायाखाली. निवृत्त झाल्यापासून यांच्या पायाखाली काहीच नाही. खुर्ची मिळाली तर बरं वाटेल, असं मलाही वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

११ फेब्रुवारी

घरच्या यंत्रावर एकशे अडुसष्ट. मी म्हटलं, "गोळी घ्या." हे म्हणाले, "यंत्र तुझ्या बाजूचं आहे." पुन्हा मोजलं तर एकशे सत्तर. म्हणाले, "बघ, तू बोललीस की वाढतो." मग आतल्या खोलीत जाऊन कपाट आवरत बसले. यांनी आजवर स्वतःहून कपाट आवरलेलं नाही.

वर्तमानपत्रात आज आलंय की कॉफीनं आयुष्य वाढतं. मागं एकदा आलं होतं की कमी होतं. दोन्ही वेळा शास्त्रज्ञ म्हणाले होते. मी कॉफी अर्धा कप घेतली, म्हणजे कुणाचंच मन मोडायला नको.

१२ फेब्रुवारी

केलं एकदाचं. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुगा केला आणि हिरव्या पुडीत कालवला. त्या पुडीची चव अशी की तिच्यात पायपुसणं बुडवलं तरी कळायचं नाही. हे एका घोटात प्यायले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आज जास्त कडू लागतेय. ताजी असणार."

नवऱ्याला फसवलं, हे खरं. नवऱ्याला वाचवलं, हेही खरं. दोन्ही एकाच वाटीत कसं मावलं ते कळत नाही.

१८ फेब्रुवारी

एकशे चोवीस. हे घरभर यंत्र घेऊन फिरले, मला दोनदा दाखवलं, दूधवाल्याला एकदा. "थेंब," म्हणाले, "थेंब." मी म्हटलं, "अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी." म्हणाले, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" त्यांचं चांगलं मीच तर सकाळी चमच्यांनी दाबून देतेय.

कारखान्यात कुणी चाचणीच्या फळीची वीज चोरून कमी केली असती तर मीच त्याला साहेबांपुढे उभं केलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज हिरव्या खुर्चीत बसले. सरांनी फळ्यावर यांचा आकडा लिहिला, आधीचा आणि आताचा, मध्ये बाण. हे उभं राहून म्हणाले, "गोळी पूर्ण बंद केली आणि हा फरक पडला." आवाज थोडा घोगरा झाला होता. मला वाटलं गहिवरून आलं असेल.

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी ते लिहून घेतलं. मी हातातल्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत बसले.

२७ फेब्रुवारी

हल्ली सकाळी फिरायला जाताना स्वतःची पाण्याची बाटली नेतात. बागेच्या बाकावर बसून प्यायचं म्हणे, सरांनी सांगितलंय. आज जाकीट धुवायला घेतलं तर खिशात चांदीच्या कागदाचा चुरगळलेला तुकडा. या वयात च्युइंगम चघळायला लागलेत, आणि तेही लपून. मी तो तुकडा केरात टाकला. माणसाला एवढी एक चैन हवीच.

१ मार्च, रविवार

आज वन्सं मंडळात आल्या. दोन बस बदलून, एकट्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. भाऊ खुर्चीत बसतो हे बघायला आल्या होत्या. बघून डोळे पुसले आणि बाटली घेऊनच घरी गेल्या.

जिन्यात मला म्हणाल्या, "मीही कालपासून गोळी बंद केली ग." वन्संना दाबाची गोळी आज कित्येक वर्षं आहे, वडिलांचं झालं तेव्हापासून. मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांना विचारा तरी आधी." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना कशाला? तो सांगतोय ना. मी वाढवलाय त्याला. लहानपणी एकदा खोटं बोलला तेव्हा जेवायला दिलं नव्हतं. त्यानंतर तो कधी खोटं बोललेला नाही."

आता काय करू? यांना सांगितलं तर हे गोळी सोडतील, खुर्ची सोडतील आणि मलाही सोडतील. नाही सांगितलं तर वन्सं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं झालंय, आणि दळणारी मीच.

४ मार्च

वन्संकडे गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. त्यांनी बसायच्या खोलीत आरसा पुसून ठेवला होता. म्हणाल्या, "चेहरा बघ, हलका झालाय की नाही?" मला तर तसाच दिसला. मी म्हटलं, "वन्सं, थेंब घ्या, चाला, मीठ कमी करा, सगळं करा. पण गोळीही घ्या. दोन्ही घेतलं तर काय बिघडतं?" त्या म्हणाल्या, "मग गुण कशाचा ते कळणार कसं?"

हे माझंच वाक्य होतं. कारखान्यात नवीन मुलींना मी हेच शिकवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. मी चहा पिऊन परत आले. बसमध्ये पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं.

९ मार्च

यांना उठताना चक्कर येते. खुर्ची धरून उभे राहतात. दाब एकशे दोन. मला वाटलं यंत्र बिघडलं, नवे सेल घातले, स्वतःवर मोजून बघितलं. माझा एकशे तीस आला, म्हणजे यंत्र शहाणं आहे. सरांना फोन केला तर म्हणाले, "शरीर शुद्ध होतंय. अभिनंदन."

माझं डोकं चालेना. गोळी मी एकच घालते, पूर्वीचीच. तिच्यानं पूर्वी कधी इतका उतरला नव्हता. मग बाकीचा कशानं उतरला? म्हणजे थेंबांत काहीतरी असणारच. मी उगीच सरांची टिंगल केली का? वन्सं बरोबर आणि मी उंटावरची शहाणी, असं तर नाही? खूप विचार केला आणि शेवटी बाटलीतले थोडे थेंब मीही जिभेवर घेतले. लिंबासारखे लागतात. नंतर बराच वेळ बरं वाटत होतं. ते थेंबांनी की आडवी पडले होते म्हणून, कोण जाणे.

एक मात्र झालं. वन्संना सांगायची घाई जरा कमी वाटायला लागली.

१४ मार्च, शनिवार

सकाळी न्हाणीघरात धप्प आवाज आला. हे पडले होते. कपाळ नळाला लागलं, रक्तच रक्त. शेजारच्या शिकवणीवाल्यांनी गाडी काढली. टाके घातले. डॉक्टरबाईंनी दाब मोजला, अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजला. मग समोर बसवून विचारलं, "काय काय घेता?"

हे म्हणाले, "थेंब आणि पूड."

"आणि?"

"बाकी काही नाही."

माझ्यानं राहवेना. म्हटलं, "मी घालते. पुडीत. रक्तदाबाची गोळी कुटून, रोज सकाळी."

हे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. बँडेजखालून बघत राहिले आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "मीपण घेतो. बागेत, बाकावर."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही दोघं मिळून एका माणसाला दोन माणसांची गोळी देताय."

मग चांगलीच खरडपट्टी काढली. मला, की विचारल्याशिवाय गोळ्या कुटायच्या नसतात, काही गोळ्या कुटल्या की एकदम रक्तात उतरतात. यांना, की डॉक्टरपासून लपवायचं तर डॉक्टरकडे यायचं कशाला. मी विचारलं, "थेंबांत खरंच काही नाही का?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुमच्या सरांनाही माहीत नाही. मी तसं सांगते, ते सांगत नाहीत. चालणं ठेवा, मीठ कमी ठेवा, ते त्यांनी बरोबरच सांगितलंय, आणि ते फुकट आहे. गोळीची अडचण अशी की तिचा गुण डोळ्यांना दिसत नाही. झटका आला की सगळ्यांना कळतं, आला नाही तर कुणाला कळतं?"

घरी आल्यावर विचारलं, "केव्हापासून?" हे म्हणाले, "एकशे अडुसष्ट बघितला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. फाटली माझी. पण मंडळात सगळ्यांपुढे सांगून बसलो होतो." मग म्हणाले, "मला वाटायचं सगळेच चोरून घेत असतील. बोलतात तसं वागतं कोण?"

आम्ही दोघं हसलो. टाके दुखत होते तरी हसले. मग एकदमच दोघांच्या मनात आलं आणि हसू थांबलं. एक माणूस बोललं तसं वागणारं आहे.

१५ मार्च, रविवार

मंडळात गेलो नाही. वन्संना कळवायला मी फोन उचलला तर यांनी माझा हात धरला. "फोनवर नको. ताईला तोंडावर सांगतो. मीच सांगतो. पण टाके निघू देत, असं तोंड घेऊन गेलो तर ती घाबरेल." मी म्हटलं, "आजच जाऊ." म्हणाले, "तिच्यासमोर मी खोटा ठरणार आहे ग. आणखी तीनचार दिवस दे मला."

यांना असं मागताना मी कधी ऐकलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस मीठसुद्धा मागत नाही, हात लांब करून घेतो. म्हटलं, बरं. इतके दिवस गोळी बंद आहे आणि वन्सं ठणठणीत आहेत, तीनचार दिवसांत काय होणार. शिवाय सांगायचं काम माझ्यावरून टळलं, तेही मनातून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१८ मार्च, बुधवार

उद्या टाके निघणार होते. आज सकाळी वन्संच्या शेजारणीचा फोन आला. दार उघडेनात म्हणून किल्लीवाल्याला बोलावलं. वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, शुद्धीत, पण उजवी बाजू गेलेली. केव्हापासून तशा होत्या कुणाला माहीत नाही.

आम्ही तसेच रुग्णालयात गेलो. दारात हे मला म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं ना तीनचार दिवस दे?" मी हो म्हटलं. पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

२० मार्च

इथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, बंद केलेल्या गोळीसकट. विचारलं, "गोळी चालू असती तर हे झालं नसतं ना?" ते तरुण आहेत, चष्मा पुसत म्हणाले, "एका माणसाबद्दल असं नक्की सांगता येत नाही. घेणाऱ्या पुष्कळ लोकांत कमी होतं, एवढं सांगता येतं." मी आयुष्यभर हेच सांगत आले. फळीचं सांगता येतं, एका बल्बचं नाही. इतकं बरोबर उत्तर मला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं. हे तिथेच उभे होते. नक्की सांगता येत नाही, यात यांना सुटका दिसली की शिक्षा, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मलाही माझं कळलं नाही.

मंडळातून सरांचा फोन आला होता. म्हणाले, ताईंनी नियम नीट पाळले नसतील. मी फोन ठेवला.

२२ मार्च, रविवार

वन्संना आज बोलता आलं. जीभ जड आहे, एकेक शब्द ओढून आणतात, पण कळतं. वॉर्डात सहा खाटा, त्यांची खिडकीजवळ. यांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या हाताशी बसले. टाके निघाले आहेत, कपाळावर खूण आहे. त्यांनी बोटानं खूण दाखवून विचारलं. हे म्हणाले, "पडलो."

मग वन्सं म्हणाल्या, "माझंच चुकलं रे. पूड दोनदा राहिली. एकदा चहात साखर घेतली." डाव्या हातानं पांघरूण ओढलं. "तुझं नाव खराब झालं मंडळात."

मी यांच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, आता बोलला नाहीत तर मी बोलेन, आणि मग मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. खरं तर माफ कुणी कुणाला करायचं तेही मला ठरवता येत नव्हतं. मीही थांबलेच होते की.

यांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "ताई, मी गोळी सोडली नव्हती. चोरून घेत होतो. ही पण मला चोरून घालत होती. तो आकडा गोळीचा होता. थेंबांचा नव्हता. मी सगळ्यांपुढे खोटं बोललो, तुझ्यापुढेही." एवढं बोलून रडायला लागले, मोठ्यानं. पलीकडच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या.

वन्संनी बघितलं. आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग परत यांच्याकडे. शब्द जुळवत होत्या. तोंडाचा एक कोपरा खाली गेलाय, त्यामुळे चेहरा वाचता येत नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?" म्हणाल्या. "मीपण घेतली असती चोरून."

रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.